घरच्यांची खोली

…नाही नाही, मला आधी एक सांगा, चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं मला माझ्या डोळ्यांचं विचारायचं की माझ्या भावाचं? मी आपला त्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलोय, एक डोळा झाकलाय, समोरचं अक्षर 'घ' आहे की 'ध' आहे ह्याच्यात जीव अडकलाय, आणि हा गृहस्थ माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणतो, "दादा आता बरे आहेत ना? घरच्यांना धीर धरावा लागतो हो." धीर? कसला धीर? अहो, माझा दादा, तुम्हाला सांगतो, थेंबाला शिवलेला माणूस नाही! खोकल्याचं औषध आणलं तर बाटलीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचतो, आणि त्यात 'तसलं' काही निघालं तर बाटली परत करून रात्रभर खोकत बसतो, आम्हाला झोपू देत नाही… असा माणूस! आणि सगळं गाव त्याच्याकडे बघून चुकचुकतंय!

आणि हे सगळं कोणामुळे? माझ्या वहिनीमुळे. आता तुम्ही म्हणाल, घरातली गोष्ट हा चारचौघांत का सांगतोय. तर तिनंच सांगितलंय सांगायला. म्हणाली, "भाऊजी, तुमचं तोंड एरवी बंद नसतं, तर एकदा सत्कारणी लावा. ह्यांच्याकडे लोक असे बघतात ते मला बघवत नाही." म्हणून बोलतोय. नाहीतर मला काय हौस!

तर वहिनी. वहिनी बायकांना मोटार चालवायला शिकवते. गाडीच्या टपावर हा एवढा पिवळा बोर्ड, 'खास महिलांसाठी'. अर्ध्या गावाच्या बायका तिच्या हाताखालून गेल्यात. आवाज असा, की समोरून येणारा ट्रकवाला बाजूला होतो. "आरशात बघा! कुठल्या काय? तिन्ही आरशांत! नाही हो, लिपस्टिक नाही बघायची, मागचा रिक्षावाला बघायचा!" आता दिवसभर हे. शिकणारी घाबरते, पण शिकवणारी घाबरलेली दिसून चालत नाही. मग ती भीती जाते कुठे? तर ती वहिनीच्या उजव्या पायात जाऊन बसली. घरी जेवायला बसली तरी टेबलाखाली पाय आपोआप ब्रेक दाबतोय… दाबतोय… चप्पल घासतेय फरशीवर. तो पाय थांबावा म्हणून संध्याकाळी थोडीशी घ्यायला लागली. खरंच थोडीशी. पाय थांबला. मग संध्याकाळ जरा लवकर व्हायला लागली. मग दुपारीच संध्याकाळ व्हायला लागली. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. आम्हाला वाटायचं, बोलून बोलून घसा बसतो बिचारीचा!

आणि मग एक दिवस, सकाळचीच वेळ, गाडीत शिकायला होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. चढावर पुढं एक टेम्पो. टेम्पो मागे यायला लागला आणि बाई गोठल्या. हात स्टिअरिंगला चिकटलेले, डोळे एवढे मोठे. अशा वेळी काय, वहिनीच्या बाजूलाही ब्रेक असतो, तिनं दाबायचा, झालं. तिनं दाबलाही. पण उशिरा दाबला. पाय निघाला आणि पोचलाच नाही वेळेवर… धप्प! कोणाला काही झालं नाही. टेम्पोवाला शिव्या देऊन निघून गेला. बाईंनी गाडी बंद केली. किल्ली काढली. आणि जरा झुकल्या, वहिनीच्या तोंडाजवळ, आणि एकदाच वास घेतला. किती पोरांची तोंडं हुंगली असतील हो त्या नाकानं! म्हणाल्या, "मॅडम, उतरा आणि मागे बसा."

"अहो पण मी…"

"मागे बसा!"

आणि वहिनी, जिच्या आवाजाला ट्रकवाले घाबरतात ती वहिनी, उतरली आणि स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. बाई आरशातून म्हणाल्या, "माझ्या जागी उद्या कोणीतरी तरणी पोर बसेल. पुढे टेम्पोच असेल असं नाही. मी कुणाकडे बोलणार नाही. पण ह्याचं काहीतरी करा, नाहीतर तो बोर्ड उतरवा." किल्ली हातावर ठेवली आणि चालत गेल्या निघून. वहिनी किती तरी वेळ मागेच बसून होती. पायाखाली ब्रेक नाही, आणि पाय दाबतोय.

मग सुरू झाली शोधाशोध. कुठं जातात लोक ह्याच्यासाठी? विचारायचं कोणाला? डॉक्टरला विचारावं तर डॉक्टरची बायको हिच्याकडे शिकलेली. औषधवाल्याला विचारावं तर त्याची सून शिकतेय, आताच रिव्हर्स सुरू झालाय! शेवटी दवाखान्याच्या भिंतीवरचा एक नंबर पाठ करून आली, दार लावून फोन केला, आणि आवाज बदलून, असा नाकातून, "हॅलो… माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारत होते." तिकडचा माणूस शांत. म्हणाला, "हो का? बहुतेक सगळ्यांना मैत्रिणीच असतात. मैत्रिणीला सांगा, गुरुवारी संध्याकाळी बालवाडीच्या इमारतीत."

बालवाडी! तुम्हाला सांगतो, गुरुवारी वहिनीनं त्या बालवाडीला गाडीतून इतक्या चकरा मारल्या की रखवालदाराला वाटलं कोणीतरी पोर पळवायला आलंय. आणि गाडी लपवणार कुठं? टपावर बोर्ड! शेवटी दोन गल्ल्या सोडून गाडी लावली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि भिंतीच्या कडेकडेनं आली. गेटवर रखवालदार म्हणाला, "मुलाला न्यायला आलात? शाळा कधीच सुटली." झालं! तिथूनच परत फिरणार होती. पाय वळलासुद्धा. पण आतून कोणीतरी हाक मारली, "या, या ताई, इकडे."

लांब व्हरांडा. शेजारी शेजारी दोन दारं, एक पिणाऱ्यांचं, एक त्यांच्या घरच्यांचं. दाराशी इस्त्रीवाले काका, हातात चहाची किटली. हे स्वतः पिणारे, म्हणजे आधीचे, आता नव्या माणसाला चहा देऊन आत नेतात. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, ओढणी पाहिली, रडवेला चेहरा पाहिला, आणि अगदी मायेनं म्हणाले, "घाबरू नका ताई. घरच्यांची खोली ती पलीकडची. मिस्टर नाही आले?"

आता इथं, इथं हो! इथं नुसतं म्हणायचं होतं, 'काका, मिस्टरांचं नाही, माझंच आहे.' जीभ उचललीसुद्धा तिनं. पण अलीकडच्या दारातून आत बघितलं तर सगळे पुरुष. एकजात पुरुष! आणि सगळ्यांच्या माना हिच्याकडे. आणि वहिनीच्या तोंडून निघालं, "…नाही. ते नाही आले."

आणि गेली पलीकडच्या खोलीत. एका वाक्यात माझा दादा दारुडा झाला! जो माणूस, तुम्हाला सांगतो, थेंबाला शिवलेला नाही, तो!

आत सगळ्या बायका. बालवाडीच्या त्या वितभर खुर्च्या, त्यांवर बसलेल्या, गुडघे हनुवटीला लागलेले, भिंतीवर कागदाचे मासे. मधे शिवणवाल्या मावशी, त्या खोलीच्या जुन्याजाणत्या. आणि कोपऱ्यातून किंचाळी, "मॅडम? तुम्ही?" कोण? तर बँकेतली. वहिनीचीच विद्यार्थिनी! "अगं बाई… तुमचे मिस्टर पण? ते कवळ्या बनवतात ते? किती साधे दिसतात हो!" मावशी म्हणाल्या, "सगळे साधेच दिसतात. बोल बाळ, मोकळी हो."

वहिनीनं बोलायचं नव्हतंच. पण तिच्याशी असं, त्या विषयावर, कोणी कधी बोललंच नव्हतं. बोलायला लागली आणि थांबेचना. "ते… बाटली लपवतात."

"कुठं गं?"

"गाडीच्या डिकीत. स्टेपनीच्या खाली. फडक्यात गुंडाळून, आवाज होऊ नये म्हणून."

"मग?"

"मग ठरवतात, आज नाही. सकाळी शपथ घेतात. दुपारपर्यंत ती शपथ अंगात टोचायला लागते. मग पेपरमिंट आहे ना खिशात, एवढं बघतात आणि…" आणि रडायला लागली. "त्यांना फार लाज वाटते हो. घरी कोणी प्रेमानं बोललं ना, की जास्तच वाटते. आरशात बघवत नाही त्यांना. दिवसभर दुसऱ्यांना सांगतात आरशात बघा…" आणि गपकन थांबली!

बँकेतली म्हणाली, "कवळ्यांच्या कामात आरसा कुठं असतो?"

वहिनीनं ओढणी सावरली. "असतो," म्हणाली, "छोटा असतो. दातांच्या आत बघायला."

सुटली! आणि मावशी डोळे पुसत म्हणतात काय, "नवऱ्याचं मन इतकं ओळखलेली बाई मी आजवर बघितली नाही." घ्या!

बरं, एवढ्यावर थांबायचं? तर नाही. दर गुरुवारी जायला लागली! कारण काय, त्या खोलीत रडून आली की एकदोन दिवस बरे जायचे तिचे. आणि मधल्या पातळ भिंतीतून पलीकडचं ऐकू यायचं. गंमत बघा, पिणाऱ्यांच्या खोलीत हशा आणि न पिणाऱ्यांच्या खोलीत रडारड! वहिनी रडत रडत कान तिकडे लावून. दर गुरुवारी ठरवायची, आज त्या दारानं. दर गुरुवारी इस्त्रीवाले काका अदबीनं बाजूला सरकून वाट दाखवायचे, "या ताई, घरच्यांची खोली," आणि ही मुकाट्यानं जायची. आणि बाटली? बाटली स्टेपनीखालीच. नवी. तिकडे दादावरची एकेक गोष्ट साठत चाललीय, दादा जिन्यात पडला, दादा अंघोळ न करता कामावर गेला… आणि माझा दादा, तुम्हाला सांगतो, थेंबाला शिवलेला नाही, तो तिकडे शांतपणे कवळीला दात बसवतोय!

आता त्या खोलीचा नियम आहे, तिथलं तिथंच ठेवायचं. पण मावशींना राहवेना. एक दिवस दुपारी मावशी आणि बँकेतली थेट दादाच्या कामाच्या जागी हजर. मी तिथंच होतो. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं काम माझं, मी डबे भरत होतो. दादाच्या एका हातात मेणाची सुरी, दुसऱ्या हातात हसणारी कवळी.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, रागवायला आलो नाही. मॅडम रडतात हो तुमच्यासाठी. आम्हाला सगळं कळलंय. स्टेपनीखालची बाटली. पेपरमिंट. सकाळच्या शपथा. सगळं."

मी म्हटलं, आता दादा हसेल. म्हणेल, पत्ता चुकलात. मी तर तोंड उघडलंच होतं, "अहो बाई, माझा दादा थेंबाला…" तर टेबलाखालून माझ्या पायावर असा बूट पडला! कळवळलोच मी. दादानं कवळी खाली ठेवली. सुरी खाली ठेवली. चेहरा हळूहळू पांढरा होत गेला, मेणासारखा. मग म्हणाला, "ती… रडते? तिथं येऊन रडते?"

"दर गुरुवारी."

"बरं," दादा म्हणाला. "हो. पितो मी."

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातून डबा पडला. सगळीकडे कवळ्या! मावशी म्हणाल्या, "शाबास! कबूल केलंत, अर्धं काम झालं. ह्या गुरुवारी या. पिणाऱ्यांच्या खोलीत." आणि दादा म्हणाला, "येईन."

त्या गेल्यावर मी फरशीवर कवळ्या गोळा करतोय आणि ओरडतोय, "दादा, तुला वेड लागलंय का?" दादा म्हणाला, "स्टेपनीखालची बाटली मी पाहिलीय. कधीची. फडकं सुटलं होतं, मी परत नीट गुंडाळून ठेवली." मी म्हटलं, "गुंडाळून? आणि बोलला नाहीस?" म्हणाला, "कसं बोलू? बोललो असतो तर तिला माझ्यासमोर मान वर करता आली नसती. म्हटलं, स्वतः सांगेल. वाट बघत बसलो…" मग खाली बघून म्हणाला, "चूक झाली. ती एवढी एकटी आहे हे मला तिऱ्हाइताकडून कळावं?"

गुरुवार आला. दादानं मला बरोबर ओढलं. कशाला? "मला खोटं बोलता येत नाही, तू शेजारी बस." म्हणजे मीही दारुडा! दोघं भाऊ त्या वितभर खुर्च्यांवर. वहिनीला ह्याचा पत्ता नाही, ती नेहमीसारखी गाडी लावून, ओढणी घेऊन पलीकडच्या खोलीत जाऊन बसलेली. इस्त्रीवाले काका चहा देऊन म्हणाले, "नवे भाऊ, बोला. घाई नाही. काय घेता?"

दादा म्हणाला, "…औषधासारखं असतं ते."

"किती घेता?"

"दोन चमचे. जेवणानंतर."

कोणी हसलं नाही हो! एवढे पोचलेले लोक, कोणी हसलं नाही. नुसते एकमेकांकडे बघायला लागले. काका हळूच म्हणाले, "भाऊ, कोणासाठी आलात?" आणि दादा मधल्या भिंतीकडे बघायला लागला.

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे काय चाललं होतं? मावशी विजयी! "मॅडम, पेढे काढा… अगं, आनंदाची बातमी! कबूल केलं त्यांनी!"

"कोणी?"

"तुझ्या मिस्टरांनी! 'हो, पितो मी' म्हणाले. आम्ही स्वतः ऐकलं. आणि आज आलेत! पलीकडे बसलेत! ऐक, आवाज येतोय बघ."

वहिनी म्हणते, तिनं कान भिंतीला लावला. भिंतीतून दादाचा आवाज, "दोन चमचे…" म्हणजे ह्यांना माहीत आहे. म्हणजे कधीपासून माहीत आहे! आणि माहीत असून हा माणूस माझ्या नावाचं ओझं घेऊन तिथं जाऊन बसलाय. उठली. ती मेली खुर्ची कमरेला अडकून बरोबर उठली, ती बँकेतलीनं ओढून काढली. वहिनी दाराबाहेर आली आणि धावली. कुठं? गेटकडे! गाडीकडे! गाडीत स्टेपनी, स्टेपनीखाली… तिनं मला स्वतः सांगितलंय, "भाऊजी, मी त्या दाराकडे नव्हते धावले. मी बाटलीकडे धावले होते." रखवालदाराच्या खुर्चीपर्यंत गेली. किल्ली मुठीत. आणि तिथं उजवा पाय थांबला. हललाच नाही. रस्ता समोर, गाडी दोन गल्ल्यांवर, आणि मागून, उघड्या खिडकीतून, दादाचा आवाज, "मला नीट सांगता येत नाही… पण जो पितो ना, तो वाईट नसतो. एवढं मला माहीत आहे."

मी दाराकडे तोंड करून बसलो होतो. दार उघडलं. ओढणी खांद्यावरून खाली लोंबतेय, केस विस्कटलेले, आणि तो ट्रकवाल्यांना हलवणारा आवाज कुठल्या कुठे. पुटपुटल्यासारखं म्हणाली, "त्यांना उठवा तिथून. ती खुर्ची माझी आहे."

दादा उठायला गेला तर त्यालाही खुर्ची अडकली. वहिनी सगळ्या पुरुषांसमोर उभी. "मी पिते," म्हणाली. "ह्यांनी कधीच नाही. मी पिते. शिकवायला जाताना पण प्यायलेय. मी पलीकडे बसून तुमच्या सगळ्यांच्या बायकांना खोटं सांगितलं." मला वाटलं, आता कोणीतरी ओरडणार. इस्त्रीवाले काका उठले, दादाची खुर्ची सोडवली, फडक्यानं पुसली आणि तिच्यामागे ठेवली. "बसा ताई. माझीच चूक. पहिल्या दिवशी मी विचारलंच नाही, नुसतं दार दाखवलं. साखर किती?"

बस. एवढंच झालं. तिथं नाही ढोल वाजले, नाही कोणी टाळ्या पिटल्या. दादा व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिला, आणि मग रडला. माझ्यासमोर पहिल्यांदा.

आणि तुम्हाला वाटेल, आता सगळं छान? छान कसलं! डॉक्टरकडे गेली, औषधं सुरू झाली, अंगाला कंप, रात्रीची झोप गेली. मधे एकदा घसरली. घरी येऊन दादाला म्हणाली, "घेतली," आणि दादा म्हणाला, "बरं झालं सांगितलंस," आणि पुढच्या गुरुवारी परत गेली. तिथं आता आणखी दोन बायका येतात, दोघीही पहिल्या दिवशी 'मैत्रिणीसाठी' आल्या होत्या. दादा पलीकडे, घरच्यांच्या खोलीत, एकटा पुरुष. पहिल्या दिवशी मान खाली घालून म्हणाला, "माझी बायको पिते." तर एक नवी बाई फणकाऱ्यानं म्हणाली, "सगळे असंच बायकोवर ढकलतात!" आता बोला! माझा दादा, तुम्हाला सांगतो, थेंबाला… जाऊ दे. मावशींनी सावरलं म्हणून, नाहीतर तिथंही बुडाला असता. आणि गावाला काय, दादा दर गुरुवारी बालवाडीत जातो, एवढंच दिसतं!

आणि बोर्ड उतरवलाय. वहिनीनंच उतरवला. स्टिअरिंग धरायचं नाही असंही तिचं तिनंच ठरवलंय, स्वतःची खात्री पटेपर्यंत. पण गुरुवारी जायचं कसं? तर दादानं जाहीर केलं, "मी शिकतो गाडी." ह्या वयात! मोटार शिकवणाऱ्या बाईचा नवरा, जन्मात कधी गिअरला हात लावला नाही. आता रोज संध्याकाळी दादा चाकावर, वहिनी शेजारी, आणि मागे कोण? मी! घरातलं कोणीतरी बरोबर पाहिजे म्हणे! गाडी गचके खाते, बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, माझं डोकं टपावर आपटतं, दादा भिंगातून बघावं तसा रस्त्याकडे बघतोय आणि क्लचवर पाय असा घट्ट रोवून ठेवलाय जसा काय जमीनच सोडायची नाही.

काल चौकात गाडी सलग तिसऱ्यांदा बंद पडली. वहिनीनं कपाळाला हात लावला, मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "भाऊजी, माझी दारू सुटेल हो एक दिवस… पण ह्या माणसाच्या पायातून हा क्लच काही सुटायचा नाही!"